पहिला नको

रुख्माबाईंनी आल्या आल्या माझ्या कढईतला शिरा चिमटीत उचलून तोंडात टाकला, "तूप कमी हाय" म्हणाल्या, आणि मग माझं नाव विचारलं. त्या घडीपासून मला ही बाई आवडली नाही. पण खरं ते बोलायला हवं. वाढावं तर त्यांनीच.

सावंगीच्या दवाखान्यासमोर आमचं 'पंगत' नावाचं जेवणघर आहे. मी तिथली स्वयंपाकीण, रक्षा. मालक भूपेंद्रशेठ. त्यांच्या वडिलांचं सिंदी रेल्वे या गावी कापडाचं दुकान आहे, पण पोराचं मन कापडात रमलं नाही. दवाखान्यात साऱ्या विदर्भातून पेशंट येतात आणि एकेका पेशंटमागे चार नातेवाईक. या लोकांना घरच्यासारखं बसवायचं आणि आग्रह करकरून जेवू घालायचं, ही शेठच्या डोक्यातली कल्पना. पळसाच्या पत्रावळी, पितळी बादल्या, कासोटा नाही पण काठाची लुगडी नेसलेल्या वाढणाऱ्या बाया. दारावर पाटी, 'इथून कोणी उपाशी उठत नाही.' टेबलं मात्र ठेवली, कारण आजकाल कोणाचे गुडघे खाली बसू देत नाहीत.

कल्पना बरी होती, बाया कच्च्या होत्या. लोक एकदा वाढलेलं संपवून उठून जायचे आणि फोनवर जेवणघराला तारे कमी द्यायचे. एवढ्यानं शेठची झोप उडाली. म्हणून शिकवायला रुख्माबाईंना आणलं. सारा जन्म लग्नांच्या पंगती वाढण्यात गेलेला. जवळच्या सिंदी मेघेला त्यांचं स्वतःचं घर, नवरा नाही, मुलगा पुण्याला. "वरची खोली नुसती रिकामी पडून हाय," हे त्या विषय कुठलाही निघाला तरी सांगायच्याच.

दुपारची गर्दी ओसरली की त्यांची शाळा भरायची. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये एक खिडकी आहे, तिथून मी भरलेल्या बादल्या बाहेर सरकवते. त्या खिडकीतून मला सगळं दिसायचं आणि ऐकू यायचं.

"माणसाच्या तोंडाकडं पाहू नका," रुख्माबाई सांगायच्या. "पानाकडं पाहा. माणूस लाजून खोटं बोलते. पानाले लाज नसते."

मग खुर्चीवर कोणाला तरी पाहुणा म्हणून बसवायच्या आणि शिऱ्याची पळी घेऊन त्याच्यावर चालून जायच्या.

"पहिला नको खोटा असते. तो म्हणाच लागते, नाई तं माणूस हावरट दिसते. दुसरा नको लाजेचा. तिसरा आला तं तो खरा. मंग पळी मागं घ्याची."

"अन् हात आडवा केला तं?" आमच्यातली थोरली वाढणारी, सपना, हिनं विचारलं.

"हात आडवा म्हणजे नकार नाई पोरी, तो लाड हाय. आपली बोटं त्याच्या हाताखाली अशी घालाची, अन् हात मानानं बाजूले साराचा. ओढाचा नाई. लेकराचा हात धरतो तसा."

शेठ त्या दिवशी पोटभर जेवून बसले होते. रुख्माबाईंनी त्यांचा आडवा हात असा काही अलगद सारला की त्यांनी मुकाट्यानं दोन पळ्या शिरा खाल्ला आणि वर हसले. मीही हसले. कला होती बाईच्या हातात, ती कोण नाकारणार.

आणखी एक नियम होता, तो त्या फार जपून सांगायच्या. "रिकाम्या पानापुढं कोणाले बसू द्याचं नाई. जो बसला त्याच्यापुढं पान, अन् पान मांडलं की त्यावर घास. रिकामं पान फक्त मयतीच्या घरी दिसते."

शेठचा नियम वेगळा. सकाळी दार उघडण्याआधी ते बायांना ओळीत उभं करून म्हणायला लावायचे, "आमच्याकडे 'नाही' हा शब्दच नाही." बाया म्हणायच्या. मी कांदे चिरत राहायची.

या सगळ्यात एकीला काही जमत नव्हतं. ती स्वीटी.

स्वीटी कारंजाच्याही पलीकडची, जंगलाला लागून असलेल्या गावची. गोंडांचं घर. वय वीसच्या आतबाहेर, अंगानं चिवट, बोलणं जवळपास नाहीच. तिची आई शकुबाई, तिची मूत्रपिंडं गेलेली. दवाखान्यात मशीनवर रक्त धुऊन घ्यायला आठवड्यातून दोनदा जावं लागायचं. सरकारी योजनेतून ते फुकट होतं, पण गावाहून यायला दोन गाड्या बदलाव्या लागायच्या, आणि एकदा अर्ध्या वाटेत म्हातारीचा श्वास असा कोंडला की लोकांनी तिला मेलीच समजून रस्त्याकडेला निजवलं. तेव्हापासून पोरीनं ठरवलं, राहायचं ते दवाखान्याच्या दारातच. जेवणघरामागे कामवाल्यांसाठी एक खोली आहे. त्या खोलीत मी राहते, कारण मला दुसरं घर उरलेलं नाही. शेठनी स्वीटीला आणि तिच्या आईला तिथेच जागा दिली. पण एका अटीवर. काम जमलं तर खोली. नाही जमलं तर गाव.

आता गाव म्हणजे काय, हे आम्ही तिघीही जाणून होतो. कोणी बोलून दाखवत नव्हतं एवढंच.

स्वीटी वाढायची नीट. सांडायची नाही, विसरायची नाही. पण वाढलं की बाजूला व्हायची आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. रुख्माबाईंनी विचारलं, काऊन वो? तर म्हणाली, "आमच्या घरी भाताचा गंज मधात ठेवतेत. ज्याले जेवढं पायजे तेवढं तो घेते. जेवणाऱ्याच्या अंगावर जाऊन उभं नाई राहत."

"तुह्यं वाढणं मुकं हाय," रुख्माबाई म्हणाल्या. "पान मांगून राह्यलं अन् तू भिताड पाहून राह्यली."

एका गुरुवारी शेठनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. "स्वीटी, तेरे टेबल के लोग सबसे पहले उठते हैं. शनिवारपर्यंत पाहतो. मग खोली खाली कर."

शेठ वाईट माणूस नाही. हे वाक्य मी हजारदा स्वतःला ऐकवलं आहे आणि प्रत्येक वेळी मला त्यांचा जास्तच राग आला आहे.

त्या संध्याकाळी खोलीत मी पाहुणी झाले. खाटेवर मांडी घालून बसले, पुढे रिकामी ताटली. स्वीटी रिकामी वाटी आणि चमचा घेऊन माझ्यासमोर वाकली. "घ्या ना मावशी." मी म्हटलं, नको. ती लगेच मागे सरकली. "अगं सरकतेस कुठं! हा खोटा नको!" पुन्हा. मी हात आडवा केला. तिनं माझ्या हाताखाली बोटं घातली, तीही अशी भीत भीत की मला गुदगुल्याच झाल्या. कोपऱ्यात शकुबाई भिंतीला टेकून पाहत होती. त्या दिवशी मशीन झालं होतं, दंडाला पट्टी होती, आणि पाणी प्यायची तिला बंदी, दिवसाचं मोजकं भांडं. ती आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि दोघी मायलेकी हसत सुटल्या. मी विचारलं, काय म्हणते? स्वीटी म्हणाली, "म्हणते, मले असा आग्रह पाण्याचा कोणी करन तं मी एकदाही नको नाई म्हणणार."

दहाव्या-बाराव्या वेळी तिचा हात बसला. माझा हात तिनं असा सारला की मला माझी आई आठवली. माझे डोळे भरून आले आणि मी तिला म्हटलं, जमलं गं तुला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. जेवणाची वेळ होत होती, टेबलं अजून अर्धी रिकामी. एक नवराबायको आले. तो चाळिशी ओलांडलेला, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. ती बारीक चणीची, हातात कापडी पिशवी आणि दवाखान्याची फाइल. माझ्या खिडकीला लागूनच्या टेबलावर बसले. त्यानं एकच थाळी मागितली. "बायकोले. मले नाई पायजे." पण आमच्याकडे बसला त्याच्यापुढे पान, म्हणून पत्रावळी दोन मांडल्या गेल्या.

तिच्या पानावर वाढून होतं न होतं तोच तिचा फोन वाजला. वॉर्डातून असावा. ती उठली, त्याच्या कानाशी वाकून बोट उगारून काहीतरी बोलली. त्यानं मान हलवली. ती फाइल घेऊन लगबगीनं रस्ता ओलांडून गेली. तिचं जेवण तिथेच राहिलं, आणि तो रिकाम्या पत्रावळीपुढे बसून त्या जेवणाकडे पाहत राहिला. भूक लागलेला माणूस मी कुठूनही ओळखते. त्याला लागली होती.

टेबल स्वीटीचं होतं. तिनं शिऱ्याची बादली उचलली.

"घ्या ना भाऊ."

"नको बाई."

"थोडासा. ताजा हाय."

"नको म्हटलं ना," तो हसत म्हणाला.

समोरच्या खांबाशी रुख्माबाई उभ्या होत्या. शेठ गल्ल्यावर होते, त्यांचंही लक्ष तिकडेच. स्वीटीनं पळी भरली आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "माह्यासाठी घ्या." त्यानं मान हलवली, "नको," म्हणाला, आणि उजवा हात पत्रावळीवर आडवा धरला.

तिसरा नको झाला होता. स्वीटी थांबली. तिनं रुख्माबाईंकडे पाहिलं. मी पाहिलं, सपनानं पाहिलं, रुख्माबाईंनी हनुवटी पुढे केली. पुढे हो.

स्वीटीनं त्याच्या हाताखाली बोटं घातली. क्षणभर ती तशीच राहिली, हात धरून. मग तिनं तो मानानं बाजूला सारला आणि पळी रिती केली.

तो पानाकडे पाहत बसला. मग इकडेतिकडे पाहिलं आणि खाऊ लागला. बाप रे, काय खाल्लं त्या माणसानं! दुसरी पळी त्यानं नको न म्हणता घेतली. वर भात, वरण, पुन्हा शिरा. संपल्यावर पत्रावळ स्वतःच घडी करून टेबलाखालच्या टोपलीत टाकली, तोंड पुसलं, आणि बायकोला यायला उशीर झाला तेव्हा स्वीटीला काहीतरी सांगून तिला शोधायला निघून गेला. तिची थाळी तशीच राहिली.

रुख्माबाईंनी भर हॉलमध्ये स्वीटीची अलाबला घेतली, बोटं कडाकडा मोडली. शेठ म्हणाले, "शनिवारची वाट कशाले पाह्यची? पक्की केली." संध्याकाळी खोलीत मी उरलेला शिरा आणला. शकुबाईला गोड चालत होतं की नाही कोण जाणे, तिनं एक बोट चाटलं आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. स्वीटीला मी पहिल्यांदा गाणं गुणगुणताना ऐकलं.

सोमवारी ती बाई परत आली. तीच, कापडी पिशवीवाली. कपाळ मोकळं होतं.

सोबत एक उंच, पांढऱ्या टोपीतला म्हातारा होता. त्यानं हॉलच्या मधोमध उभं राहून विचारलं, "मालक कोण?"

शेठ गल्ल्यामागून आले. म्हाताऱ्यानं सांगितलं ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं, जेवणाऱ्यांनीही. तो आर्वीकडचा अण्णाजी. त्याचा धाकटा भाऊ ओमप्रकाश इथं हर्नियाच्या ऑपरेशनला आला होता. साधं ऑपरेशन. ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं पाहिजे, पाण्याचा थेंबही नको, असं डॉक्टरनं आदल्या रात्रीच बजावलं होतं. ऑपरेशन सकाळचं होतं ते दुपारवर गेलं. नवरा उपाशी म्हणून बायकोही उपाशी, तेव्हा तूतरी खाऊन घे म्हणून तोच तिला गुपचूप वॉर्डातून इथं घेऊन आला. आत नेल्यावर डॉक्टरनं विचारलं, काही खाल्लं का? तो म्हणाला, काही नाही. बेशुद्ध केल्यावर त्याला उलटी झाली आणि पोटातलं सारं फुफ्फुसात गेलं. काल तो गेला.

"ही म्हणते मी काही दिलं नाई," अण्णाजी त्या बाईकडे बोट दाखवून म्हणाला. "मंग अन्न आलं कुठून? घरून डबा हिनंच आणला होता. हिनंच चारला माह्या भावाले. आता तुमच्यावर ढकलून राह्यली."

"डबा माह्यासाठी होता, भाऊजी," ती म्हणाली. तिचा आवाज पार बसलेला होता. किती वेळा तिनं हे सांगितलं असेल या तीन दिवसांत! "तो आदल्या रात्रीच सरला. लेकरायची शपथ घेऊन सांगते."

"लेकरायचं नाव घेऊ नको. लेकरं आता आमच्याजवळ राहतीन. तुह्या हाताचं खाऊ घालाचं का त्यायले?"

हे तो सगळ्यांसमोर बोलला. त्या बाईनं डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

"साहेब," ती शेठना म्हणाली, "मी ह्यायले इथं बसवून गेली होती. ह्यायनं इथं काही खाल्लं का?"

भूपेंद्रशेठनी एक क्षणही लावला नाही. "ऑर्डर एका थाळीची होती ताई. मागितल्याशिवाय आमच्याकडे कोणाला काही वाढत नाहीत."

काय खोटं! दारावरची पाटी त्यांच्या डोक्याच्या वर लटकत होती.

"मी इथंच उभी होती," रुख्माबाई खांबापासून म्हणाल्या. "त्यायचं पान रिकामंच होतं."

सपनानं मान खाली घातली. मी खिडकीत होते, हातात कालथा, आणि मला स्वीटीची पाठ दिसत होती. जया, त्या बाईचं नाव जया, ती एकेकीच्या तोंडाकडे पाहत पाहत स्वीटीपाशी येऊन थांबली.

"बाई, आमच्या टेबलावर तूच होती ना?"

मी मनातल्या मनात ओरडत होते, नाही म्हण. अगं नाही म्हण पोरी. तो मेला तो काही परत येत नाही, तुझी आई जिवंत आहे, मागच्या खोलीत बसली आहे, नाही म्हण. मला त्या जयाची कीव येत होती आणि तरी मला तेच वाटत होतं. ज्याला माझं हे चुकलं असं वाटेल त्यानं शकुबाईशेजारी एक रात्र झोपून तिचा श्वास ऐकावा.

"हो," स्वीटी म्हणाली. "मीच वाढलं त्यायले."

हॉलमध्ये कोणाच्या तरी हातातला पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"काय वाढलं?"

"शिरा. मंग भात, वरण. मंग अखीन शिरा."

"त्यायनं मांगितलं?"

"नाई. नको म्हणत होते. तीनदा म्हटलं. हात आडवा केलता. मी बाजूले सारला." ती थांबली. "हाताच्या मागं सुईची पट्टी होती, बाहीखाली. मले लागली हाताले. माह्या मायच्या हाताले असते तशी. मले समजलं का ते बिमार हायेत. मले वाटलं, बिमार माणूस हाय, उपाशी हाय, खाल्लं तं ताकद येईन." आणि मग हळू आवाजात, "जाताना म्हणे, माह्या बायकोले सांगजो नाई, ते रागावन."

जया खुर्चीवर बसली. कदाचित त्याच खुर्चीवर, मी नीट पाहिलं नाही. मग तिनं विचारलं, "आवडीनं खाल्लं का?"

"हो. पान पुसून."

तेव्हा ती रडली. तोवर ती रडली नव्हती हे मला तिच्या रडण्यावरून कळलं. अण्णाजीनं टोपी काढून हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं नाही, आणि मग सारा राग गोळा करून स्वीटीकडे वळला.

"अन् तुले हे कोणी शिकवलं? माणूस नको म्हणते अन् तू कोंबते? कोणी सांगितलं वाढाले?"

शेठ पुतळ्यासारखे उभे. रुख्माबाईंचा हात खांबावर होता, त्या हाताच्या शिरा मला इथून दिसत होत्या. स्वीटीनं कोणाकडेच पाहिलं नाही.

"कोणी नाई," ती म्हणाली. "माह्या मनानंच वाढलं."

पुढचं काय सांगायचं. पोलिसाची भाषा झाली, हातवारे झाले. शेठनी हात जोडून सगळ्यांदेखत सांगितलं की पोरगी नवी आहे, अडाणी आहे, नियम मोडला, आत्ताच काढली. ते दोघं गेल्यावर मी कालथा आपटून बाहेर आले आणि शेठना म्हटलं, "शिकवलं तुम्ही दोघांनी, अन् नियम तिनं मोडला?" ते म्हणाले, "रक्षाबाई, तुम्ही भाजी पाहा, करपून राह्यली." रुख्माबाई तोंड धुवायला गेल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी शाळा भरवली नाही.

माझ्याकडे काय होतं द्यायला? त्या खोलीतली अर्धी खाट, तीही शेठची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी निघाल्या. दोन थैल्या आणि एक वळकटी, एवढाच पसारा. त्या दिवशी शकुबाईच्या मशीनची पाळी होती, म्हणून आधी दवाखान्यात जायचं आणि मग तिथूनच गाडी धरायची, असं स्वीटीनं मला सांगितलं. त्यापुढच्या पाळीचं ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. म्हातारी मागच्या दाराच्या पायरीवर बसली होती, पाय सुजलेले, चेहरा शांत. तिला किती कळलं होतं कोण जाणे. माझ्या मते सगळं.

रुख्माबाई त्या दिवशी वेळेच्या आधी आल्या. पुढच्या दारानं न जाता मागून आल्या, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. स्वीटीसमोर उभ्या राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत.

"पोरी," त्या म्हणाल्या, "माह्याकडं चाल. वरची खोली रिकामी हाय. माय-लेकी राहजा."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. खरं सांगते, इतक्या दिवसांचा त्या बाईवरचा राग त्या एका वाक्यासरशी विरघळला. सिंदी मेघे म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर. म्हातारी जगेल. कुठंही काम करील पोरगी, भांडी घाशील, पण म्हातारी जगेल.

स्वीटीनं मान खाली घातली.

"नको, आजी," ती म्हणाली.

मी रुख्माबाईंकडे पाहिलं. आता त्या विचारणारच होत्या. वर्षानुवर्षं लोकांच्या नको-मधून हो काढत आलेली बाई. पहिला नको खोटा असतो हे या दारात तिनंच शिकवलं होतं, आणि तिच्यासमोर तिची सर्वात गुणी शिष्या उभी होती. थैली स्वीटीनं खालीच ठेवलेली होती. उचलली नव्हती. शकुबाई पायरीवरून दोघींकडे पाहत होती.

रुख्माबाईंनी पदराचं टोक बोटावरून सोडलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

स्वीटी थोडा वेळ तशीच थांबली, दाराकडे पाहत. मग तिनं थैली उचलली.